गुलाबी बोंडअळीचं वेळापत्रक : हंगाम २०२५ च्या प्रकल्प नोंदी

४ एप्रिल २०२५, हिंगणघाट तालुका

आजपासून काम सुरू. प्रश्न एका ओळीचा आहे : कपाशीवरची गुलाबी बोंडअळी आपल्या शिवारात कधी उतरणार, हे आधी सांगता येईल का? ‘ऑगस्टात’ हे उत्तर गावातलं शाळकरी पोरही देतं, पण त्याचा फवारणीला उपयोग नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाडावर पाती, म्हणजे फुलाची कोवळी कळी, असते आणि शेवटच्या आठवड्यात बोंडं. अळी बोंडात शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

साधनं फार नाहीत. गटातल्या शेतकऱ्यांची वावरं, मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे कामगंध सापळे, तापमान नोंदवणारे लॉगर, महसूल मंडळातल्या महावेध हवामान केंद्राचे आकडे, आणि एक वही. लोकांची आठवण मात्र पक्की आहे. बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचं बीजी-२ हे वाण २००६ मध्ये. २०१० मध्येच गुजरातच्या काही जिल्ह्यांत अळी पहिल्या बीटीला जुमानत नसल्याचं जाहीर झालं होतं. २०१७ ला विदर्भात बीजी-२ चीही बोंडं आतून पोखरलेली निघाली. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. म्हणून ‘कधी फवारायचं’ याच्या बरोबरीने ‘कधी नाही फवारायचं’ हेही सांगता आलं पाहिजे. माझ्या लेखी दुसरं जास्त महत्त्वाचं.

१९ एप्रिल

जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात सापळे लावले. शेतात हिरवं पान नाही, वावरं नांगरून पडलेली, आणि सरकीच्या ढिगाजवळच्या सापळ्यात पतंग! ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांना दाखवले : बोटाच्या पेरापेक्षा लहान, राखट तपकिरी, पंखावर काळसर ठिपके. यानेच २०१७ केलं, हे कुणाला खरं वाटत नाही.

हंगामाच्या शेवटी अळी दोन सरक्या रेशमाने एकमेकींना चिकटवते आणि आत सुप्तावस्थेत पडून राहते. ती सरकी कापसाबरोबर जिनिंगला येते. बाकीच्या अळ्या बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांतल्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांतल्या, न फुटलेल्या बोंडांत, काही मातीत. चुलीसाठी पऱ्हाटी पावसाळ्यापर्यंत घरामागे ठेवायची ही आपली जुनी सवय, आणि अळीला तीच सोयीची.

झोप लागते ती लहान होत गेलेल्या दिवसाने, रात्रीच्या गारव्याने आणि पक्व बोंडातल्या तेलकट सरकीच्या खाण्याने. मोडते ऊब वाढली, दिवस मोठा झाला आणि ओल मिळाली की. नागपूरच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा, सर्वांत लहान १० तास ५० मिनिटांच्या आसपास. पंजाब-हरियाणात हा फरक मोठा आणि हिवाळाही कडक, त्यामुळे तिकडे झोप स्पष्ट आणि लांब. आपल्याकडे काही अळ्या झोपतात, काही डुलक्या घेतात, आणि खायला मिळालं तर काही जाग्याच राहतात.

७ मे

लॉगर बसवले : एक उघड्या शेतात सावलीच्या खोक्यात, एक पऱ्हाट्यांच्या ढिगात, एक जमिनीत वीतभर खाली.

संध्याकाळी गटाला अंश-दिवसाचं गणित सांगितलं. कीटकाचं रक्त आपल्यासारखं एका तापमानाला बांधलेलं नसतं. हवा तापेल तशी त्याची वाढ धावते. ठरावीक तापमानाखाली वाढ थांबते, बोंडअळीसाठी ते साधारण १३ अंश. दिवसाचं सरासरी तापमान २८ असेल तर त्या दिवशी १५ अंश-दिवस गल्ल्यात पडले. गल्ला भरला की अंड्यापासून पुढच्या पिढीच्या अंड्यापर्यंतचा फेरा पूर्ण. फ्रान्समधल्या रेओमूरने उष्णतेची अशी बेरीज १७३५ मध्येच मांडली होती. एका पिढीला ४५० ते ५०० लागतात असं ढोबळ मानून मी ४८० धरलं.

त्यावरून आपल्याकडची सरासरी घालून पाहिली. जुलैत रोज १५, म्हणजे पिढी ३२ दिवसांत. नोव्हेंबरात सरासरी २२, रोज ९, म्हणजे ५३ दिवस. डिसेंबरच्या थंडीत सरासरी साडेवीस धरली तर ६४ दिवस. पण शून्य कधीच नाही. आपल्या थंडीत अळीचं घड्याळ बंद पडत नाही, फक्त मंद होतं.

मग तापमान सगळीकडे एक अंशाने वाढवून पाहिलं. जुलैची पिढी ३२ वरून ३० दिवसांवर आली. दोनच दिवस! डिसेंबरची ६४ वरून ५६ वर. म्हणजे वाढत्या उष्म्याचा फायदा अळीला पावसाळ्यात जवळजवळ नाही, हिवाळ्यात आहे. मेमध्ये तर उलटच. ३५ च्या पुढे वाढीचा वेग आणखी वाढत नाही, आणि उघड्यावर पडलेली अळी ४५ अंशांत भाजून निघते. गहू, भात आणि मका यांवर २०१८ मध्ये एक मोठा अमेरिकी अभ्यास आला होता. जागतिक तापमान एक अंशाने वाढलं की कीटकांमुळे होणारं नुकसान १० ते २५ टक्क्यांनी वाढेल, आणि झळ समशीतोष्ण देशांना जास्त बसेल, असं त्यात होतं. उष्ण प्रदेशातले कीटक आधीच त्यांना मानवणाऱ्या तापमानात राहतात. त्यात कापूस नव्हता, पण आजच्या कागदावरचे आकडे त्याच्याशी जुळतात.

मागे बसलेले एक काकाजी सगळं ऐकून म्हणाले, “ताई, पान्याचं सांगा. गर्मी तं आमच्याइथं बारमास हाये.”

हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. पुढच्या तक्त्यात पावसाचा रकाना तापमानाच्या आधी.

२८ मे

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून तीन दिवस झाले आणि यंदा तो तापलाच नाही. मे महिन्यात राज्यभर अवकाळी पाऊस पडत राहिला, आणि परवा, २६ तारखेला, मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. ७५ वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता म्हणे.

ढिगातल्या लॉगरवर तापमान एकदम उतरलेलं. पऱ्हाट्या ओल्या. अशा ओलीने सुप्त अळी कोषात जाते आणि आठवडा-दीड आठवड्यात पतंग बाहेर पडतो. पतंगाचं आयुष्य एक-दोन आठवड्यांचं. त्याला अंडी घालायला कपाशीची पाती हवी, आणि शिवारात अजून सरकी पेरलेली नाही. आत्ता निघणारे पतंग वाया जाणार. ही चांगली बातमी आहे, पण तिला एक अट आहे : कुणी पेरू नये.

अट पाळली जाणार नाही. चार घरी सरकीची पाकिटं येऊन पडली आहेत.

खानदेशात जळगावकडे विहिरीच्या पाण्यावर मेमध्येच लावलेला बागायती कापूस असतो, आणि बोंडअळी राज्यात पहिली दिसते ती बहुधा अशाच कापसावर. एक जूनपूर्वी बियाणं विकू नका, अशा सूचना कृषी विभागाने गेल्या काही वर्षांत दिल्या त्या याचसाठी. उद्देश बरोबर. पण ती तारीख ठरवताना मेमध्ये आभाळ फाटेल असं कुणी धरलं नव्हतं.

१२ जून

पाऊस गायब. मोसमी पावसाची रेषा मेच्या अखेरीला जिथे थांबली तिथेच आहे. मृग लागून पाच दिवस झाले, ऊन चटका देतं.

गावात आता दोन पक्ष. ज्यांनी मेअखेरच्या ओलीवर टोबून टाकलं, त्यांची सरकी उगवली आहे. ज्यांच्याकडे विहीर आहे ते तुषार लावून ती जगवतायत. बाकीचे थांबले आहेत. एका भाऊंना विचारलं, घाई का केली? म्हणाले, “आभाय पाहून नाई पेरत ताई, शेजाऱ्याचं वावर पाहून पेरतो.”

जिनिंगच्या सापळ्यात पतंग भरपूर, शेतातल्यांत तुरळक.

२७ जून

पाऊस परतला आणि उरलेल्यांनी पेरलं. एकाच शिवारात आता कपाशीच्या दोन पिढ्या आहेत, चार आठवड्यांच्या अंतराने.

पेरणीपासून पाती दिसायला ३५ ते ४५ दिवस. मेअखेरच्या पेऱ्याला जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाती, आत्ताच्या पेऱ्याला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. सगळ्यांनी आत्ता पेरलं असतं, तर जूनच्या नि जुलैच्या पावसाने उठलेले बहुतेक पतंग उपाशी गेले असते. आता त्यांना जुलैतच थारा आहे. एक अंशाने दोन दिवस सरकतात, हे मेमध्ये काढलं होतं. पावसाच्या एका खंडाने चार आठवडे सरकवले. यापुढे कुणी मला ‘हवामान बदलाने कीड लवकर येते’ असं सरसकट सांगितलं, तर विचारेन : कुणाच्या वावरात, कोणत्या तारखेच्या पेऱ्यात?

१५ जुलै

आगाप, म्हणजे मेअखेरच्या, पेऱ्यात पाती. सापळे शेतात हलवले, एकरी दोन, झाडाच्या शेंड्याच्या फूटभर वर. ल्यूर, म्हणजे सापळ्यातलं गंधाचं आमिष, हात न लावता बसवायचं आणि उरलेलं थंडीत ठेवायचं, हे पुन्हा सांगितलं. गेल्या वर्षी कुणीतरी तंबाखूच्या हाताने लावलं होतं.

२ ऑगस्ट

पहिली डोमकळी. अपेक्षेप्रमाणे आगाप वावरात. फूल नीट उमलत नाही, पाकळ्या आतून रेशमाने बांधलेल्या, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली. उघडली की आत अळी, अजून पांढरट. गुलाबी रंग मोठी झाल्यावर चढतो. गटातल्या बायांनी निंदताना डोमकळ्या तोडून पिशवीत घ्यायच्या आणि संध्याकाळी जाळायच्या, असं ठरलं. या कामाला औषध लागत नाही, फक्त नजर लागते, आणि ती बायांची पुरुषांपेक्षा चांगली आहे. मजुरी कोण देणार यावर अर्धा तास गेला.

उशिराच्या पेऱ्यात काही नाही. त्यांना निंबोळी अर्काशिवाय काही मारू नका म्हटलं. दोघांनी तरी मारलंच.

९ ऑगस्ट

वानरांनी दोन सापळे नेले. नवे लावले.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. विदर्भात बोंडअळीचं सगळ्यांत जुनं वेळापत्रक हेच : पोळ्याच्या अमावास्येला पतंग उठतो, अमावास्येच्या आगेमागे फवारा. थट्टा करण्यासारखं यात काही नाही. काळोख्या रात्री पतंगांची हालचाल वाढते आणि प्रकाश सापळ्यात ते जास्त पडतात, एवढं खरं आहे. शिवाय पोळ्याच्या सुमाराला कपाशी पाती-फुलांवर असते, त्यामुळे पाहायला जाणाऱ्याला किडा सापडतोच.

अडचण वेगळी. २०२३ मध्ये पोळा १४ सप्टेंबरला होता, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला, आणि यंदा २२ ऑगस्टला. तीन वर्षांत तो तीन आठवडे पुढेमागे झाला. अळीचा गल्ला अधिक मासाकडे बघत नाही. २०२३ ला पोळ्याची वाट पाहणाऱ्याची एक पिढी हातातून गेली असणार. यंदा उलट : आगाप पेऱ्याला पोळा जवळजवळ बरोबर बसतो आणि उशिराच्या पेऱ्याला फार लवकर होतो.

गणित असं. १० जुलैच्या पातीवरची अंडी, रोज १५, म्हणजे ११ ऑगस्टच्या आसपास नवे पतंग. सापळ्यांत ते त्याच आठवड्यात वाढले. हे पतंग आता उशिराच्या पेऱ्यावर जातील, जिथे पाती नुकती लागली आहे. आगाप वावराने दुसऱ्याच्या वावरासाठी कीड वाढवून ठेवली. हे गटात बोलून दाखवलं तेव्हा जरा शांतता झाली, कारण आगाप पेरणारे दोघं समोरच बसले होते.

सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग, किंवा दहा टक्के डोमकळ्या, ही फवारणीची रेषा. आगाप वावरं तिच्या जवळ आहेत. उशिराची अजून लांब.

“पोळा न पाऊस झाला भोळा” असं एकजण जाता जाता म्हणाले. यंदा तो भोळा होईल असं वाटत नाही.

१६ सप्टेंबर

झाला नाही. पाऊस थांबतच नाही. सापळ्यात पाणी, पतंग चिखलात चिकटलेले, मोजणी निरुपयोगी. पडत्या पावसात पतंग उडतही नाहीत, त्यामुळे कमी सापडले म्हणजे कमी आहेत असं म्हणता येत नाही. या पंधरवड्याच्या आकड्यांना तक्त्यात कंस केला.

त्याऐवजी हिरवी बोंडं फोडून पाहतो. अळीने आत शिरलेलं भोक बुजून जातं. बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं. एकरी वीस बोंडं, वेगवेगळ्या झाडांवरची, दहा ते वीस दिवसांची. कंटाळवाणं काम, पण सापळ्यापेक्षा खरं बोलतं. आगाप वावरातली बोंडं किडकी निघू लागली आहेत. सततच्या ओलीने त्यांच्यातली बरीच सडलेलीही आहेत, आणि सडलेलं कोणतं नि किडलेलं कोणतं यावरून रोज वाद.

१३ ऑक्टोबर

आगाप वावरात पहिला वेचा. खालची बोंडं बरी, मधली कवडी : सरकीला चिकटलेला पिवळट डागाळ कापूस. उशिराच्या वावरात खालच्या आणि मधल्या फळीला कीड कमी आहे. शेंड्यावर काय होतं ते पुढच्या पिढीवर.

तक्त्यानुसार ती पिढी साधारण २० नोव्हेंबरला. लॉगरचे खरे आकडे घातले तरी दोन-तीन दिवसांचाच फरक पडतो. तापमानाचा रकाना एवढं काम चोख करतो. पहिली तारीख हातात असली तर पुढच्या तारखा तो सांगतो, पण पहिली तारीख त्याला ठाऊक नसते. ती पाऊस आणि पेरणी मिळून ठरवतात.

३१ ऑक्टोबर

मोंथा चक्रीवादळ २८ च्या रात्री आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं आणि त्याचा पाऊस इथवर आला. वेचायला आलेला कापूस झाडावरच भिजला.

त्या नुकसानीबद्दल सगळे बोलतायत. मी दुसऱ्याच चिंतेत आहे. काळ्या जमिनीत ऑक्टोबर संपताना इतकी ओल असली की कपाशी पुन्हा पालवते, नवी पाती टाकते. आणि पाती टाकलेलं झाड उपटायला कुणाचा हात धजत नाही.

२४ नोव्हेंबर

पतंग आले, तक्त्याच्या तारखेपासून फार लांब नाही. रात्री गार होत चालल्या आहेत, त्यामुळे पुढची पिढी संथ. तक्ता जानेवारीचा मध्य दाखवतो. पण पुढची पिढी होणार की नाही हे तापमान ठरवणार नाही. जानेवारीत कपाशी उभी असेल तर होईल.

फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही झाड उभं ठेवून आणखी कापूस घेण्याचा, प्रश्न इथून सुरू होतो. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता आणि लोकांनी मार्चपर्यंत झाडं उभी ठेवली होती. यंदा हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यमला ७,७१० रुपये, खुला बाजार त्याखाली. आयात शुल्क ऑगस्टपासून माफ. भाव पडला म्हणून फरदड कमी होईल असा माझा अंदाज होता. ऐकायला मिळालं ते उलट : “पह्यला कापूस पान्यात गेला, आता दुसऱ्याची तरी आस धरू द्या.” ओल आहे, झाड हिरवं आहे आणि खर्च निघालेला नाही. यावर माझ्याकडे गणित नव्हतं, म्हणून घरी येऊन एक केलं : फरदडीत मिळणारी कवडी, तिचा भाव, वेचणीची मजुरी, आणि त्याच जागी हरभरा किंवा गहू. विहीर असलेल्यांना हरभरा परवडतो. कोरडवाहूवाल्यांना फरदड एक-दोन वेचे तरी देते. त्यांना नुसतं ‘काढा’ म्हणणं मला जमणार नाही.

१९ डिसेंबर

गटाची बैठक. अमेरिकेचं उदाहरण दिलं : ऍरिझोनात ठरलेल्या तारखेआत कपाशी नांगरून टाकणं कायद्याने सक्तीचं होतं. बीटी, वांझ पतंग सोडणं आणि नर-मादीची भेट चुकवणारा कामगंध यांच्या जोडीला ही शिस्त होती, म्हणून २०१८ मध्ये तिथे गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर झालं. लगेच प्रश्न आला : तिथे शेत केवढं? खरं आहे. तिथे हजारो एकर थोड्या लोकांच्या हाती, इथे दोनशे एकरांत सत्तर मतं. मुळात हा किडा आपलाच शेजारी. १८४३ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं ते भरूचच्या कापसावरून.

तडजोड अशी ठरली. विहीरवाले डिसेंबरअखेर झाड काढतील. कोरडवाहूवाले जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा वेचा करतील, तक्त्यातली पतंगाची तारीख येण्याआधी. काढलेली पऱ्हाटी बांधावर रचायची नाही, श्रेडरने बारीक करून जमिनीत घालायची. चुलीसाठी हवी असेल त्याने आधी बोंडं झोडून काढायची.

३ जानेवारी २०२६

मेंढपाळाचा कळप कापूस काढलेल्या वावरांत बसवला. मेंढ्या हिरवी बोंडं वेचून खातात, आतल्या अळीसकट, आणि लेंडी खत वर. या प्रकल्पातला सगळ्यांत स्वस्त उपाय. एका भाऊंनी विचारलं, औषध मारलेल्या वावरात चारलं तर चालतं का. शेवटची फवारणी कधीची ते पाहूनच, असं सांगितलं आणि अलीकडे फवारलेली दोन वावरं वगळली.

११ जानेवारी

बहुतेक वावरं मोकळी. तीन अजून उभी आहेत. त्यांच्याभोवती सापळे ठेवले, आणि मालकांशी वाद घालणं सोडलं.

पुढच्या हंगामासाठी पेरणीच्या तारखांचा नकाशा गट-क्रमांकानुसार करायचा आहे, म्हणजे प्रत्येक वावराला त्याची स्वतःची पातीची तारीख आणि त्यावरून डोमकळी बघायचा आठवडा मोबाइलवर जाईल. पोळा त्यात वेगळ्या रंगाने दाखवणार, लोकांना तो ओळखीचा आहे म्हणून.

जिनिंगवाल्यांनी आवारात फेब्रुवारी ते जून सापळे ठेवायला होकार दिला, पण ल्यूरचा खर्च गटाने करावा असं त्यांचं म्हणणं. खर्चाआधी एक गोष्ट हवी : मेअखेर आवारात सरकी किती शिल्लक असते. ती माहिती द्यायला व्यवस्थापक तयार नाहीत. सोमवारी पुन्हा जाणार.